सस्पेन्स : कथेत गोड, खात्यात जड



इंग्रजीतले काही शब्द आपल्या बाजारात असे रुळले आहेत की ते परके वाटतच नाहीत. चेक, बिल, पार्टी, डिलिव्हरी हे शब्द सही ऐवजी अंगठा उठवणारा माणूसही अगदी बरोबर वापरतो. 'सस्पेन्स' हा त्यातलाच एक शब्द. मुले म्हणतात, "पिक्चरमध्ये सस्पेन्स आहे." मुनीम म्हणतो, "ही रक्कम सध्या सस्पेन्सला टाकली." गल्लीत बातमी येते की अमुक कारकून सस्पेंड झाला. मेकॅनिक सांगतो की गाडीचे सस्पेन्शन गेले. आणि अलीकडे एखादा व्यापारी चिंतेने विचारतो, "आमचा जीएसटी नंबर सस्पेंड दाखवतो आहे, आता काय करायचे?"

एकच शब्द इतक्या ठिकाणी का फिरतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पण ज्या शब्दावर आपला पैसा आणि माल अडकतो, त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आज आम्ही हाच एक शब्द घेतला आहे.

शब्दाचे मूळ : लटकणे

सस्पेन्स हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ आहे लटकणे, टांगणे. भिंतीवरच्या घड्याळाचा लटकता लंबक, म्हणजे पेंड्युलम, त्याच घराण्यातला. गळ्यातले पेंडंट त्यातलेच. कचेरीतली 'पेंडिंग' फाईलही त्यातलीच. ती कुठेतरी लटकलेली असते, इतकाच त्याचा अर्थ.

व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. लॅटिनमध्ये वजन करणे आणि पैसे चुकते करणे यासाठीही याच घराण्यातला धातू होता. कारण तराजू लटकवूनच तोलायचा आणि धातूचे पैसे तोलूनच द्यायचे. खर्च करणे या अर्थाचा 'स्पेंड' आणि निवृत्तांची 'पेन्शन' हे शब्द तिथूनच निघाले. म्हणजे लटकणे, तोलणे आणि पैसे देणे ही तिन्ही एका घरची कामे.

आता मराठीकडे पाहा. संस्कृतात 'लंब्' म्हणजे लटकणे. त्यावरून विलंब, निलंबन, प्रलंबित, अवलंबून हे शब्द झाले. काम लटकले तर विलंब, नोकर लटकला तर निलंबित, खटला लटकला तर प्रलंबित. शिवाय बोलीत 'जीव टांगणीला लागणे' आहे, 'अधांतरी राहणे' आहे. आणि कापडवाल्याला लगेच समजेल असे 'भिजत घोंगडे' आहे. घोंगडे पाण्यात टाकले, आता कुणी धूतही नाही आणि वाळतही घालत नाही!

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. उर्दूत यासाठी 'मुअल्लक' हा अरबी शब्द आहे. त्याचाही अर्थ टांगलेला, लटकलेला. इस्लामपूर्व काळातल्या अरबी कवींच्या निवडक कवितांना 'मुअल्लकात' म्हणतात. त्या काबागृहावर टांगल्या जात, अशी जुनी परंपरा सांगते. सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत हाच शब्द एका वेगळ्या, फार गंभीर प्रसंगी आला आहे. एकीहून अधिक बायका असलेल्या पुरुषाला तिथे ताकीद दिली आहे की एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला 'मुअल्लका' करून सोडू नका. म्हणजे ती धड नवऱ्याची नाही आणि धड मोकळीही नाही, अशा अवस्थेत तिला ठेवू नका.

पाहा, तीन भाषा, तीन वेगळे धातू, पण डोळ्यांपुढे येणारे चित्र एकच. सस्पेन्स म्हणजे वस्तू, माणूस, पैसा किंवा निर्णय ना इकडचा ना तिकडचा, मध्येच लटकलेला. पुढचे सगळे उपयोग या एका अर्थातून निघतात.

गोष्टीतला सस्पेन्स

हा उपयोग सर्वांच्या ओळखीचा आहे. आमच्या पिढीने इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या चादरीखाली दिवा धरून वाचल्या. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि उर्दू वाचणाऱ्या घराघरांत पोचली. पुढे कराचीहून 'सस्पेन्स डायजेस्ट' या नावाचेच मासिक निघाले. त्यात मोहियुद्दीन नवाब यांची 'देवता' ही कादंबरी १९७७ पासून २०१० पर्यंत क्रमशः चालली. तेहतीस वर्षे लोक पुढच्या अंकाची वाट पाहत राहिले.

सस्पेन्स आणि धक्का यांत मात्र फरक आहे. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी तो एका साध्या उदाहरणाने समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला ते ठाऊक नाही. तो एकदम फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले आणि टेबलाशी बसलेली माणसे निवांत गप्पा मारीत असली, तर प्रेक्षकाचा जीव कितीतरी मिनिटे टांगणीला लागतो. काहीतरी होणार हे माहीत आहे, काय होणार आणि कधी होणार ते माहीत नाही, याला सस्पेन्स म्हणावे.

गोष्टीत हे गोड लागते, कारण तिथे दोन खात्र्या असतात. एक, शेवटच्या पानावर उलगडा होणारच. दोन, वाचकाचे स्वतःचे काही जाणार नाही. व्यापारात या दोन्ही खात्र्या नसतात. म्हणून तिथला सस्पेन्स वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो.

वहीतला सस्पेन्स

आता आपल्या कामाचा भाग. हिशेबात 'सस्पेन्स खाते' असते. जुने मुनीम त्याला उचंत खाते म्हणत. ज्या रकमेचे खरे घर अजून कळलेले नाही, तिला तात्पुरते बसवायची ही जागा. मुसाफिरखान्यासारखी. आलेला माणूस कोण, कुठला, हे कळेपर्यंत त्याला तिथे उतरवायचे. पण कुणी तिथे कायमचे घर करायचे नाही.

हे खाते उघडण्याचे दोन प्रसंग नेहमी येतात.

पहिला प्रसंग : तेरीज जुळत नाही. वर्षअखेर आपण खतावणीतल्या सर्व खात्यांच्या बाक्या काढून नावे आणि जमा या दोन बाजूंची बेरीज करतो. दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांच्या ग्रंथात छापली गेली. तेव्हापासून नियम तोच आहे : प्रत्येक रक्कम एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा. म्हणून दोन्ही बेरजा सारख्या आल्याच पाहिजेत.

समजा, नावे बाजू आली ४,८६,३१० रुपये आणि जमा बाजू आली ४,८५,९५० रुपये. फरक ३६० रुपयांचा. चूक सापडेपर्यंत काम थांबवता येत नाही, म्हणून ३६० रुपये सस्पेन्स खात्याला जमा दाखवून बेरीज मिळवतात. पण इथे काम संपत नाही, सुरू होते.

फरक शोधण्याच्या तीन किल्ल्या

पहिली किल्ली : फरकाची नेमकी रक्कम रोजकीर्दीत आहे का ते पाहा. ३६० रुपयांची एखादी नोंद खतावणीत उतरवायची राहून गेली असेल.

दुसरी किल्ली : फरकाचा निम्मा करा. १८० रुपयांची रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल, तर फरक बरोबर दुप्पट म्हणजे ३६० दिसतो.

तिसरी किल्ली : फरकाला ९ ने भागा. नि:शेष भाग गेला तर आकडे उलटसुलट झाल्याचा संशय घ्या. ५४ चे ४५ लिहिले तर फरक ९. ७१ चे १७ लिहिले तर फरक ५४, म्हणजे ९ गुणिले ६. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. आपल्या उदाहरणात ३६० ला ९ ने भागले तर ४० येतात, बाकी काही उरत नाही. शोधता शोधता सापडले की गिऱ्हाईकाकडून २,७३० रुपये रोख आले, रोकड वहीत बरोबर लिहिले, पण त्याच्या खात्यावर जमा करताना मुनिमाने २,३७० लिहिले. ७ आणि ३ यांनी जागा बदलली होती.

आता दुरुस्ती : सस्पेन्स खाते नावे ३६०, गिऱ्हाईकाचे खाते जमा ३६०. सस्पेन्स खाते शून्य झाले. ही चूक सापडली नसती तर त्या गिऱ्हाईकाकडे आपण न देणे असलेले ३६० रुपये मागितले असते आणि जुना संबंध तोडून बसलो असतो. रक्कम छोटी होती, पण ती कुणाची तरी होती.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. तेरीज जुळली म्हणजे वही निर्दोष, असे नाही. बिलाची नोंदच मुळात राहून गेली. शफीकभाईंची रक्कम रफीकभाईंच्या खात्यावर पडली. मागाच्या दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या किमतीत मिळवला. किंवा एका चुकीने दुसरी चूक झाकली. या चारही बाबतीत दोन्ही बाजू जुळतात, सस्पेन्स खाते उघडावे लागत नाही आणि चूक आत तशीच राहते. म्हणून तेरीज जुळल्यावरही पार्टीकडून खातेउतारा मागवून मिळवून पाहण्याची सवय सोडू नये.

अनोळखी पैसा

दुसरा प्रसंग आजच्या काळात फार वाढला आहे. मोबाईलवरून पैसे येतात. बँकेच्या उताऱ्यात १८,५०० रुपये जमा दिसतात, पण पाठवणाऱ्याचे नाव अर्धवट असते किंवा भलतेच असते. गिऱ्हाईकाने मेव्हण्याच्या फोनवरून पैसे टाकले असतील. चुकून दुसऱ्याच दुकानाचे पैसे आपल्याकडे आले असतील.

अशी रक्कम विक्रीत धरू नये. अंदाजाने कुणाच्या खात्यावर जमाही करू नये. ती सस्पेन्स खात्याला जमा करावी. शेजारी तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहावा. बँकेच्या प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला असा क्रमांक असतो, त्यावरून बँक पाठवणाऱ्याचा माग काढू शकते. मग ज्यांच्याकडे तेवढी येणी आहेत अशा पार्ट्यांना विचारावे आणि बँकेकडे लेखी चौकशी करावी.

टॅलीसारख्या संगणक प्रणालीत सस्पेन्सचा गट तयारच दिलेला असतो. एक कळ दाबली की रक्कम तिथे जाते. ही सोय चांगली आहे, पण सोयीची सवय लागते. जे समजले नाही ते सस्पेन्सला, ज्याची पावती नाही ते सस्पेन्सला, जे कुणाला सांगायचे नाही तेही सस्पेन्सला! अशा वहीला वही म्हणता येणार नाही. आयकराचा नियम इथे लक्षात असू द्या. वहीत जमा असलेल्या रकमेचा समाधानकारक खुलासा व्यापाऱ्याला करता आला नाही, तर ती त्याचे उत्पन्न धरून कर लावता येतो. १९६१ च्या कायद्यात कलम ६८ मध्ये ही तरतूद होती आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. 'सस्पेन्स' हा खुलासा नव्हे. खुलासा अजून व्हायचा आहे, एवढेच तो शब्द सांगतो.

आणि कायद्याच्या आधी इमानाची गोष्ट. अशी रक्कम आपल्या हातात अमानत असते. सापडलेल्या वस्तूविषयी आपल्या फिकहमध्ये सांगितले आहे की तिची ओळख पटवून जाहीर करावी आणि मालकाचा शोध घ्यावा. बँकेत चुकून आलेला पैसा याहून वेगळा कसा असेल? "कुणी मागायला आला तर देऊ" असे म्हणून गप्प बसणे पुरेसे नाही, शोधायची जबाबदारी आपली.

आपला स्वतःचा पैसाही असा लटकून राहतो, हेही सांगून ठेवतो. बँकेतल्या खात्यावर दहा वर्षे काही व्यवहार झाला नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. हा निधी २०१४ साली स्थापन झाला. रक्कम बुडत नाही. खातेदार किंवा त्याचे वारस कधीही बँकेकडे जाऊन मागू शकतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. मरहूम वडिलांची जुनी पासबुके ट्रंकेत पडली असतील तर ती एकदा काढून पाहावीत.

जांगड : लटकलेला माल

पैशासारखाच मालही सस्पेन्समध्ये असतो. आपल्या बाजारात त्याला जांगड म्हणतात. माल पसंतीसाठी पाठवायचा. पसंत पडला तर विक्री, नाही तर परत. मधल्या काळात माल कुणाचा? पाठवणाऱ्याच्या हातात तो नाही आणि घेणाऱ्याने तो विकत घेतलेला नाही. सस्पेन्सचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

आमच्या माहितीतल्या एका विणकराने मोसमाच्या आधी साठ ताके एका मोठ्या पेढीकडे जांगड पाठवले. चिठ्ठीवर मालाचा तपशील होता, पण परतीची तारीख नव्हती. पंधरा दिवसांनी विचारले, "शेठ बाहेरगावी आहेत." महिन्याने विचारले, "बघतो, रंग जरा गडद वाटतो." दोन महिन्यांनी विचारले, "थांबा की, घाई कसली?" मोसम निघून गेला आणि ताके घड्या मोडून परत आले. पेढीने 'नाही' म्हटले असते तर तो माल पहिल्याच आठवड्यात दुसरीकडे गेला असता. पेढीचे एक पैशाचे नुकसान झाले नाही. विणकराने सुताचे पैसे उधार आणले होते, ते वर्षभर फेडावे लागले आणि दोन माग काही महिने बंद राहिले.

या गोष्टीसाठी कायदा आहे आणि तो जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २४ सांगते की पसंतीसाठी आलेला माल घेणाऱ्याने पसंत असल्याचे कळवले, किंवा तो आपलाच असल्यासारखा वापरला वा विकला, की मालकी त्याच्याकडे जाते. तो काहीच न बोलता माल ठेवून बसला तर? परतीची मुदत ठरली असेल तर ती संपताच माल त्याचा झाला असे धरतात. मुदत ठरली नसेल तर 'वाजवी मुदत' संपल्यावर. आता वाजवी म्हणजे किती दिवस, यावर कोर्टात दोन वकील दोन वर्षे भांडू शकतात. पण चिठ्ठीवर "दि. १५ पर्यंत न कळविल्यास माल पसंत समजला जाईल" अशी एक ओळ लिहून पेढीची सही घेतली, तर भांडायला काही उरत नाही. त्या विणकराच्या साठ ताक्यांना या एका ओळीने संरक्षण मिळाले असते.

जीएसटीतही जांगड मालाला मर्यादा आहे. माल चलनावर पाठवता येतो, पण विक्री ठरताच किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, बिल करावेच लागते. म्हणजे सरकारही सहा महिन्यांपलीकडे सस्पेन्स चालू देत नाही.

उधारीची टांगणी

माल पसंत झाला, बिल झाले, आता पैसे. इथे सर्वांत मोठा सस्पेन्स असतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी कुठेही जा, कारखानदाराच्या तोंडी एकच वाक्य असते : "पेमेंट अडकले आहे."

लहान उत्पादकांसाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करावी लागते. तशी तक्रार आली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. तीन महिन्यांनी "तुमच्या मालात डाग होते" असे म्हणण्याला मग फारसा अर्थ राहत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. त्यासाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.

हे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिराच्या व्याजाचा हक्क तिच्यातून मिळत नाही. म्हणून माग चालवणाऱ्या, रंगाई करणाऱ्या, शिलाई कारखाना चालवणाऱ्या बंधूंनी नोंदणीचे काम आज-उद्यावर टाकू नये.

आणि सर्वांसाठी एक इशारा. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे आहे. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून मोजायची. "देतो, देतो" या तोंडी शब्दांवर तीन वर्षे गेली तर दाव्याचा हक्क जातो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी कबूल असल्याचे सही करून लिहून दिले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. दरवर्षी बाकी मान्य असल्याची सही घेऊन ठेवण्यात संकोच कसला?

निलंबित म्हणजे रद्द नव्हे

सस्पेन्सचा भाऊ सस्पेंड. कर्मचारी निलंबित झाला म्हणजे काढून टाकला असे नाही. चौकशी संपेपर्यंत तो कामापासून दूर असतो. उर्दूत त्याला 'मुअत्तल' म्हणतात. हा शब्द मुअल्लकपासून वेगळा आहे, त्याचा अर्थ काम बंद पडलेला. लिहिताना या दोघांची गल्लत पुष्कळदा होते.

जीएसटीचा नंबर निलंबित होणे आणि रद्द होणे यांतही हाच फरक आहे. नंबर रद्द करण्याची कारवाई चालू असताना तो निलंबित ठेवतात. त्या काळात त्या व्यापाऱ्याला कर लागणारी विक्री करता येत नाही. नोटीस आली असेल तर घाबरून गप्प बसू नये. मुदतीत उत्तर द्यावे, राहिलेली विवरणपत्रे भरावीत. आणि नव्या पार्टीकडून माल घेण्याआधी तिचा नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. चालू, निलंबित की रद्द, ते तिथे दिसते. दोन मिनिटांचे काम आहे.

रंगाऱ्याचा धडा

रंगाई करणाऱ्या बंधूंना सस्पेन्शन वेगळे शिकवावे लागत नाही. मीठ पाण्यात विरघळते आणि विरघळलेलेच राहते. पण काही रंग पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे बारीक कण पाण्यात नुसते लटकून असतात. पॉलिएस्टरसाठी वापरतात ते डिस्पर्स रंग असेच. असे पाणी ढवळत ठेवावे लागते. हात थांबला की कण तळाशी बसू लागतात आणि कापडावर डाग पडतात.

सस्पेन्स खात्याचे तसेच आहे. ते ढवळत राहिले पाहिजे. दर आठवड्याला एक वेळ ठरवून, खात्यातली प्रत्येक रक्कम पाहून, "ही कुणाची? विचारले का? उत्तर आले का?" हे तीन प्रश्न करावेत. तळाशी बसू दिली की तीच रक्कम वर्षअखेर डाग होऊन दिसते.

शेवटी कामाच्या चार गोष्टी

१. सस्पेन्स खात्यातल्या प्रत्येक रकमेपुढे तारीख, कारण आणि चौकशी करणाऱ्याचे नाव लिहा. वर्षअखेर खाते शून्यावर आणा. जी रक्कम उरेल तिची यादी करून हिशेब तपासनिसाला स्वतः दाखवा.

२. जांगड चिठ्ठीवर परतीची तारीख लिहिल्याशिवाय ताका दुकानाबाहेर काढू नका. उधारीला मुदत घाला. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याची नोंद करण्याचा हुकूम आहे, आणि तो ठरलेल्या मुदतीच्या देण्याविषयी आहे. मुदतही ठरवायची आणि लिहायचेही.

३. आपल्याकडे आलेल्या मालाचे, नमुन्याचे, दराचे उत्तर ठरल्या दिवशी द्या. 'नाही' म्हणायचे असेल तर आजच म्हणा. 'नाही' ऐकलेला कारागीर उद्या दुसरे दार ठोठावू शकतो. 'बघू' ऐकलेला तिथेच उभा राहतो.

४. पैसे देता येत नसतील तर तोंड लपवू नका. "आज नाही, अमुक तारखेला अर्धे देतो" असे सांगा आणि त्या तारखेला द्या. अडचणीत असलेल्या देणेकऱ्याला सवलत द्यावी ही शिकवण आपल्याला आहेच. पण सवलत देण्यासाठी समोरच्याला अडचण कळावी तर लागते.

सस्पेन्सला व्यापारात जागा आहे. ज्याचे घर कळले नाही त्या रकमेला, ज्याची पसंती ठरली नाही त्या मालाला थोडा काळ कुठेतरी थांबावेच लागते. फक्त त्या थांबण्याला तारीख हवी. कादंबरीतला सस्पेन्स महिनाभराने पुढच्या अंकात सुटतो. आपल्या पेढीवर ज्याचे पैसे किंवा उत्तर अडले आहे, त्याला पुढचा अंक कधी निघणार हे आज सांगून टाकावे.